बिनठिपक्यांची सरकी

कामडी सर मला 'विषवाला' म्हणायचे. माझं वर्ध्याजवळ नालवाडीला, घराला लागूनच, कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचं औषध असा सगळा माल असतो, त्यामुळे त्यांचं अगदीच खोटं होतं असं नाही. पण भर हंगामात दुकानात गिऱ्हाइकं उभी आहेत आणि रस्त्यावर सायकल थांबवून कोणी ओरडतो, "का गा विषवाल्या, कसा चालू आहे धंदा?" तर माणसाला कसं वाटेल सांगा! आम्ही सगळे त्या मालाला औषधच म्हणतो. सरांना ते खपायचं नाही. "औषध? कोनाले बरं करते ते?" असं विचारून ते माझ्याकडे असे बघत राहायचे, की मीच गप्प बसून पावती फाडायला लागायचो.

ते हिंगणघाटच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. नोकरीभर एसटीनं ये-जा केली आणि निवृत्त झाल्यावर नालवाडीतल्या त्या घरात कायमचे बसले. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. काकू माझं दुकान सुरू झालं त्याच सुमारास वारल्या. एकुलती एक मुलगी सुनंदा, ती लग्न होऊन पुण्याला. घरात सर एकटे. उंच, काटकुळे, पांढरा पायजमा, सदऱ्याच्या खिशात एक भिंग आणि सुताचं रीळ. भिंग कशाला हे लगेच कळायचं, कारण वाटेत दिसेल ते पान तोडून उन्हात धरून बघायची त्यांना खोड होती. सुताचं रीळ कशाला ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

एकदा माझ्या दुकानात एक शेतकरी उभा होता, गालात तंबाखूचा खर्रा दाबलेला. सर आत आले, त्याच्याकडे पाहिलं आणि वर्गात शिकवावं तसं सुरू झाले. "तंबाकूच्या झाडाले पाय नाई. अळी आली तर ते पळून जाईल का? मनून ते मुळ्यांत विष बनवते अन् वर पानात पाठवते. एवढा खटाटोप कोनासाठी? अळीसाठी. अळी शहानी, ती तोंड लावत नाई. अन् तू गाल भरून बसला!" त्या माणसानं खर्रा काही सोडला नाही. माझं दुकान मात्र सोडलं. मी चिडून म्हटलं, "सर, तुम्ही माझी गिऱ्हाइकं पळवता." तर म्हणतात, "पाय आहेत त्याले, पळते. झाडाचं सांगून राह्यलो मी."

झाडाला पाय नसतात, हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे. जगातल्या निम्म्या गोष्टी ते या एका वाक्यानं समजावून सांगायचे. पळता येत नाही म्हणून रसायन. एखादं झाड चावणाऱ्याच्या मेंदूकडे नसांमधून जाणारा निरोपच बिघडवतं. एखादं नुसतं कडू लागतं. एखादं पान कुरतडलं की असा वास सोडतं, की त्या वासावर अळीला खाणारी गांधीलमाशी शोधत येते. "मनजे ओरडते ते. फक्त आपल्याले ऐकू येत नाई." आणि निंबाचं त्यांना फार कौतुक. निंब अळीला लगेच मारत नाही, तिची भूकच घालवतो, वर तिला कात टाकता येऊ देत नाही. "ताट वाढलेलं आहे, अन् जेवन जात नाई. याच्यावानी सजा नाई पाह्य," ते म्हणायचे. काकू गेल्यानंतरच्या दिवसांत आई त्यांना डबा पाठवायची आणि संध्याकाळी तो अर्धा तसाच परत यायचा. ते वाक्य ऐकलं की मला तो डबा आठवायचा. पण सरांना असलं काही बोलून दाखवायची सोय नव्हती. लगेच फटकारलं असतं.

कारण जीभ! बाप्पा, काय जीभ होती त्या माणसाची! गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोट्ट्यांना आधी गणपतीच्या एकवीस पत्रींची नावं विचारायचे. ती सांगता आली नाहीत की फाटक बंद. विम्याचा एजंट आला, त्याला म्हणाले, "मी मेल्यावर सुखी होनारं कोनी नाई, तुले कोनी पाठवलं?" हळूहळू लोक त्यांच्या फाटकाकडे जाईनासे झाले. आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, लग्न असलं की लोक पत्रिका त्यांच्या भिंतीवरून आत टाकून जायचे. मी आईला म्हणायचो, या माणसाच्या जिभेवरच कपाशीचे ठिपके आहेत. आई म्हणायची, "एकटा मानूस आहे बापा. कोनी तरी खाऊन टाकीन, असं वाटत असन त्याले."

कपाशीच्या ठिपक्यांचं मला त्यांनीच दाखवलं होतं. माझा जन्म कपाशीत गेला, पण मी पान कधी उन्हात धरून पाहिलं नव्हतं. धरलं की सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात, पानभर. ती विषाच्या थेंबांची पुरचुंडी. अळीनं चावा घेतला की पुरचुंडी फुटते. पानात आहे, बोंडात आहे, सरकीच्या गरातही आहे. गॉसिपॉल म्हणतात त्याला. म्हशीला सरकी चालते, तिच्या पोटात ते बांधलं जातं आणि तिला बाधत नाही. माणसाला आणि कोंबडीला चालत नाही. सरकीचं तेल आपण खातो, ते साफ करून हे काढून टाकलेलं असतं म्हणून. "अन् गडीमानसानं हे तसंच खाल्लं तर त्याले लेकरं होत नाई," असं त्यांनी माझ्या दुकानात, नुकतंच लग्न झालेल्या एका पोरासमोर, ठणकावून सांगितलं. पोरगं सरकी ढेप घ्यायला आलं होतं, म्हशीसाठी. न घेताच गेलं!

असे हे सर. पण दसऱ्याच्या आगेमागे, कपाशी फुलावर आली की, संध्याकाळचे पाच वाजले आणि सर दिसेनासे व्हायचे. आई चहाला हाक मारायची तर उत्तर नाही. कोणाकडे जेवण असो, सत्यनारायण असो, सर नाहीत. लोकांना वाटायचं माणूसघाणेपणा. मलाही तेच वाटायचं. एकदा त्यांच्याकडे पोस्टानं आलेलं पाकीट चुकून माझ्याकडे आलं, ते द्यायला मागच्या दारानं गेलो तेव्हा पाहिलं. परसात मच्छरदाण्या एकमेकींना शिवून एक मोठा तंबू केला होता. आत कपाशीची झाडं. आणि सर वाकून एकेका कळीच्या टोकाला सूत गुंडाळत होते.

"आत ये, पन जाळी लाव लवकर," ते म्हणाले. मग पान तोडून माझ्या हातात दिलं. "धर उन्हात."

धरलं. स्वच्छ हिरवं पान. एकही ठिपका नाही.

ती गोष्ट त्यांनी मला सूत बांधता बांधताच सांगितली. तरुणपणी ते एका कापूस संशोधनाच्या शेतावर हंगामी नोकरीला होते. तिथल्या मोठ्या साहेबांनी बिनठिपक्यांची कपाशी लावली होती. कल्पना अशी की कापूस अंगाला आणि सरकी पोटाला. विषच नाही तर सरकी दळा, भाकरी करा, लाडू वळा. एका बाजूला साधी कपाशी, एका बाजूला ही. साधी कपाशी रोजच्यासारखी उभी राहिली. आणि या बिचारीवर सगळं रान तुटून पडलं. जे भुंगे कपाशीकडे जन्मात फिरकत नाहीत ते आले. उंदीर आले, ससे आले. हंगाम संपायच्या आत वाफ्यात काड्या उरल्या. साहेबांनी तो प्रयोग बंद केला आणि उरलेलं बी टाकून द्यायला सांगितलं. सरांनी रुमालात एक मूठ बांधून घेतली.

"काऊन घेतली?" मी विचारलं.

"त्याचं कोनीच नव्हतं न गा," ते म्हणाले, आणि पुढच्या कळीकडे वळले.

तेव्हापासून दरवर्षी. आमचा लेआउट संपला की शेतं सुरू होतात आणि शेतात सगळी ठिपक्यांची कपाशी. तिकडून मधमाशी पायाला पराग लावून येते. एका फुलावर बसली की त्या फुलातल्या बियांमध्ये ठिपके परत आले म्हणून समजा. म्हणून उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळीच बांधायची, म्हणजे ती उमलतच नाही, आतल्या आत स्वतःचंच बी धरते. सकाळी बांधून चालत नाही, सकाळी माशी आधी येते. वर जाळी, तीही उंदीर कुरतडतात. मी म्हटलं, "सर, दोन फवारे मारून देतो, अळीचं तरी टेन्शन नको." ते खवळले. "तुह्यावालं विष फवारून बिनविषाची सरकी करू का मी?" निंबोळ्या वेचून त्यांचा अर्क तेवढा शिंपडायचे. म्हणायचे, शेजारच्या झाडाकडून उसनं आणलं.

मी विचारलं होतं, असलं बी सरकारी बियाणं-संग्रहाच्या शीतगृहात नसेल का कुठे? "असन," ते म्हणाले. "तिथं झोपलेलं असन. माह्यावालं जागं आहे." वर्षाला जे जास्तीचं बी निघायचं ते लहान लहान पुड्या करून ते लोकांना पाठवायचे. जुने विद्यार्थी, कुठले कुठले मास्तर, शेतीवर लिहिणारे. कोणीतरी लावावं, संध्याकाळी बांधावं, एवढीच इच्छा. एकाचंही उत्तर आलं नाही. ते पाकीट द्यायला मी गेलो होतो ना, ती त्यांचीच एक पुडी होती, पत्ता सापडत नाही म्हणून परत आलेली. सरांनी ती फोडून पाहिली, बी तसंच होतं. "चला, घरी तं आलं," म्हणाले. त्या वेळी मला त्यांचं फार वाईट वाटलं. आपल्यानंतर हे बांधणार कोण, एवढी एकच काळजी त्या माणसाला होती आणि ती ऐकायला विष विकणारा मी एकटा.

"मी बांधीन," असं मी म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे भिंगातून बघावं तसं बघितलं. "तुह्या दुकानात गिऱ्हाईक कधी येते?" मी म्हटलं, संध्याकाळी. "मंग?" विषय संपला. खोटं बोलायची सोय नव्हती, हंगामात संध्याकाळी मला पाणी प्यायला फुरसत नसते.

या सुतापायी त्यांनी काय काय घालवलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. मला एक माहीत आहे. सुनंदाला पहिलं बाळ झालं ते ऐन फुलाच्या दिवसांत. बारशाला या, म्हणून ती फोनवर रडली. सर गेले नाहीत. भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, "दिवाळीनंतर येतो बाई, बोंडं भरली की येतो." दुसऱ्या दिवशी स्वतःहूनच मला सांगितलं, "सुनंदा मनते, तुमचं एक लेकरू घरी आहेच न." त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, पण ते हसले. दिवाळीनंतर गेले तेव्हा बाळ ओळखीचं व्हायला तयार नव्हतं. चार दिवसांत परत आले.

ती सरकी लागते कशी, हे मी त्यांना एकदा विचारलं. खाण्यासाठी बिनविषाची केली ना? ते चपापले. म्हणाले, "खाल्ली नाई अजून." इतक्या वर्षांत नाही? "पेरायची असते न ती. जास्तीची झाली की पाहू." जास्तीची झाली की पुड्या व्हायच्या.

आणि मग मागच्या वर्षी ते पडले. नवरात्र होतं. परसात शेवाळ धरलं होतं, पाय घसरला आणि उजव्या हातावर आपटले. मनगट मोडलं, कंबरेलाही मार. वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. सुनंदा पुण्याहून आली. खाटेवर पडल्या पडल्या सरांनी मला जवळ बोलावलं. "बांधू नको काही. तुह्याच्यानं कळ्या मोडतीन. जाळी फक्त बंद ठेव. बाहेरून पाइपानं पानी दे. जाळी बंद असली तं माशी येत नाई." मी मान हलवली. घरी येऊन आईलाही सांगून ठेवलं, सरांच्या जाळीला हात लावू नको.

मी सांगितल्याप्रमाणे पाणी देत होतो. मध्येच नागपूरला डीलर लोकांची मीटिंग लागली आणि मला काही दिवस तिकडे राहावं लागलं. परत आलो आणि परसात डोकावलो. जाळी चारी बाजूंनी वर गुंडाळून बांधली होती. झाडांच्या बुंध्याशी हळदकुंकू, दहीभाताची शितं, विझलेला दिवा. फुलं सगळी उघडी. आणि त्यांच्यावर मधमाश्या.

"आई!" मी ओरडलो. "हे काय केलं वं?"

आई पदराला हात पुसत आली, चेहरा प्रसन्न. "सीतादही केली. बोंडं फुटली होती न रे! घरात बाईमानूस नाई त्याच्या. पहिली वेचनी तशीच कशी करावं? मच्छरदानीत कोनी पूजा करते का? झाडाचा जीव कोंडून गेलता." आमच्याकडे पहिला कापूस वेचायच्या आधी कपाशीची पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. बाया ते करतात. आईनं शेजारधर्म केला होता, आणि मनापासून केला होता. पहिल्या फुटलेल्या बोंडांचा कापूस वेचून तिनं देवाच्या वाती वळल्या होत्या.

"अन् सरकी?" मी विचारलं.

"सरकी कोनाले देते मानूस? आपल्या म्हशीले देल्ली."

मी पायरीवर बसलो. आईला सगळं समजावून सांगितलं. माशी, पराग, ठिपके. आधी तिला पटेना. पटलं तेव्हा ती जाऊन जाळी खाली सोडून आली. त्याचा आता काही उपयोग नव्हता. मग दिवसभर विचारत राहिली, "काय मनन रे तो? काय मनन?"

सरांना घरी आणलं त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. म्हटलं, आता या जिभेपुढे आई टिकत नाही. हात प्लास्टरमध्ये, सुनंदानं धरून खुर्चीत बसवलं. आई चहा घेऊन गेली आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच सांगून टाकलं. सगळं. जाळीचं, वातींचं, म्हशीचं. सर ऐकत होते. माझी तर मान वर होईना.

"म्हशीनं खाल्ली का आवडीनं?" त्यांनी विचारलं.

आई म्हणाली, "चाटूनपुसून खाल्ली जी."

"खाईनच. विष नव्हतं न त्यात." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "वहिनी, सुनंदाची आई गेल्यापासून माह्या कपाशीची पूजा कोनी केली नव्हती." एवढंच. ना रागावले, ना फाटक दाखवलं. आई डोळ्याला पदर लावून बाहेर आली. मला वाटलं, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सुनंदा त्यांना तेव्हाच न्यायला निघाली होती. पण झाडावर मागाहून धरलेली बोंडं होती. ती फुटेपर्यंत थांबतो, म्हणून सर अडून बसले. तिनं कपाळाला हात लावला आणि संक्रांतीनंतर गाडी घेऊन येते म्हणून गेली. ते दीड-दोन महिने सर कसे राहिले असतील! प्लास्टर निघालं, पण बोटं पुरती मिटेनात. सदऱ्याची गुंडी लावायला ते आमच्याकडे यायचे. आई लावून द्यायची.

बोंडं फुटली. त्यांतल्या कापसातून सरकी सोडवून एक दिवस ते सकाळच्या उन्हात आमच्या ओट्यावर येऊन बसले. सोबत ताट, ब्लेड आणि भिंग. "मी सांगतो तसं काप," मला म्हणाले. सरकीचं टोक जरासं कापायचं, आतला गर उघडा करायचा. फार कापलं तर बी मरतं, जरासं कापलं तर पुढे उगवतं. मी कापायचो, ते भिंगातून बघायचे. पहिल्याच बीत काळे ठिपके. दुसऱ्यातही. सर ते डाव्या बाजूला ठेवत गेले. आई दारात उभी होती, तिच्यानं बघवेना आणि आत जाववेना.

मग एक स्वच्छ निघालं. पांढरंफेक. सरांनी ते उन्हात फिरवून फिरवून पाहिलं आणि उजवीकडे ठेवलं. पुढे आणखी निघाली. काही फुलांपर्यंत माशी पोचलीच नव्हती. दुपारपर्यंत डावीकडे मोठा ढीग झाला आणि उजवीकडे ओंजळभर.

मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. "आहे न सर! वाचलं तुमचं बी! आई, वाचलं वं!"

सर त्या ओंजळभर बियांकडे बघत होते. मग त्यांनी उजवा हात वर केला, बोटं मिटायचा प्रयत्न केला. ती अर्ध्यावर थांबली.

"हो, वाचलं," ते म्हणाले. "बांधनार कोन?"

"मी बांधीन सर. दुकान पाचला बंद करीन. खरंच."

"एक वर्ष करशीन. दोन करशीन." आवाजात राग नव्हता. "मंग एखाद्या सांजी गिऱ्हाईक येईन, अन् तुले वाटन, एक दिवसानं काय होते. तुहं चूक नाई त्यात. मले दुसरं काही नव्हतंच, मनून जमलं." मग त्यांनी आईकडे मान वळवली. "वहिनी, कढई आहे का रिकामी?"

आईला आधी कळलंच नाही. मला कळलं. "सर, नको," मी म्हटलं. "असं करू नका."

"खायासाठीच होतं न हे," सर म्हणाले.

आईनं खलबत्त्यात हळूच ठेचून टरफलं काढली. आतले गर कढईत मंद भाजले, वर चिमूटभर मीठ. बशीत घालून ओट्यावर आणले. पहिला घास कोणी घ्यावा यावरून जरा वेळ गेला. शेवटी सरांनी बशी आईपुढे केली. "पूजा तुमी केली. तुमी घ्या."

आईनं एक दाणा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला. "शेंगदान्यावानी लागते जी. जराशी गोड."

मग मी घेतला. मग सरांनी. ते फार हळू चावत होते, एकेक दाणा. इतकी वर्षं जी चव त्यांनी स्वतःला घेऊ दिली नव्हती ती घेत होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही त्यांनी केलं नाही. "चांगली आहे," ते म्हणाले. "नाई का गा? चांगलीच होती." बशी रिकामी झाली. बोटाला लागलेलं मीठ त्यांनी चाटलं.

डावीकडचा ढीग तसाच होता. त्याचं काय करायचं म्हणून मी विचारलं.

"तिकडं रिकाम्या प्लॉटात फेकून दे. पावसात येईन त्याचं ते. त्याले आता कोनाची गरज नाई." ते उठले, फाटकापर्यंत गेले आणि परत वळले. "वहिनी, मले आता संध्याकाळी काही काम नाई. चहाले येत जाऊ का?"

इतक्या वर्षांत आईनं किती हाका मारल्या असतील! "हे काय इचारनं झालं? या न जी," ती म्हणाली.

मग सुनंदा येईपर्यंत ते रोज आले. पाच वाजता. मी दुकानातून डोकावलो की ओट्यावर बसलेले दिसायचे. चहा संपायचा आणि मग हातांचं काय करावं ते त्यांना कळायचं नाही. मांडीवर ठेवायचे, उचलायचे, पुन्हा ठेवायचे. दोन-चार दिवस आईनं ते पाहिलं आणि तुरीच्या ओल्या शेंगांची टोपली त्यांच्यापुढे सरकवली. हंगाम शेंगांचाच होता. सर डाव्या हाताच्या अंगठ्यानं शेंग दाबायचे, उजव्या हातात दाणे झेलायचे. फार वेळ लागायचा.

सुनंदा आली ती संध्याकाळीच. सामान आधीच बांधलेलं होतं, ते गाडीत चढलं. गाडी सुरू करून ती म्हणाली, "बाबा, चला. रात्री अमरावतीला मुक्काम करायचा आहे."

सर टोपली घेऊन आमच्या ओट्यावर बसले होते. "थांब बाई. एवढ्या होऊ दे."

मी सुनंदाकडे पाहिलं. वाटलं, आता ही चिडणार. चिडायचा तिला हक्कही होता. तिनं गाडी बंद केली. ओट्यापाशी आली आणि बापाच्या शेजारी पायरीवर बसली. त्यांचा डावा अंगठा शेंगेवरून घसरत होता, ते ती बघत राहिली. आईनं एकटीनं त्या टोपलीचा चुटकीसरशी फडशा पाडला असता, पण ती हात बांधून बसली.

"तिकडेही मिळतात तुरीच्या शेंगा," सुनंदा म्हणाली. "आपल्या मंडईत येतात. घरी आणत जाईन मी."

"आनजो," सर म्हणाले. शेंगेवरची नजर त्यांनी काढली नाही. "लय आनजो. संध्याकाळ लय मोठी राह्यते."